मफिनसाठी साचा घेताना: ॲल्युमिनियम, नॉन-स्टिक की सिलिकॉन?

घरगुती ओटीजीत (तापणाऱ्या सळ्यांच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) मफिन भाजण्यासाठी बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचे साचे मिळतात: साध्या ॲल्युमिनियमचे, काळा नॉन-स्टिक लेप दिलेले पोलादी आणि सिलिकॉनचे. नाचणी व केळ्याचे एकच मिश्रण या तिन्हींत भाजून पाहिल्यावर माझी पसंती निःसंशयपणे जाड पत्र्याच्या ॲल्युमिनियमला आहे.

ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या सुमारे चौपट असते. त्यामुळे वाटीच्या बुडाला आणि कडांना सारखी आच मिळते, शिवाय फिकट रंगामुळे सळ्यांची थेट धग बेताचीच शोषली जाते. या साच्यातले मफिन उलटे करून पाहिले, तर बुडाचा पापुद्रा सगळीकडे सारख्याच जाडीचा दिसतो आणि आतला भाग बोटाने दाबताच पुन्हा वर येतो.

काळ्या साच्यातून मफिन अलगद सुटतात, हे खरे. परंतु गडद पृष्ठभाग धग अधिक शोषून घेतो आणि लहान ओटीजीत खालच्या सळ्या ट्रेच्या अगदी जवळ असल्याने मध्यभाग शिजण्याआधीच बुड कडक होते. नाचणीचा मूळ रंगच तपकिरी असल्यामुळे करपणे डोळ्यांना दिसत नाही, ते थेट जिभेला कडवट लागते. हा साचा घरात असेल, तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवावे, नेहमीपेक्षा लवकर सुई टोचून पाहावी आणि लेपावर सुरी मुळीच चालवू नये.

सिलिकॉन उष्णतेचे मंद वाहक आहे. त्यातले मफिन मऊ होतात, पण त्यांच्या कडा ओलसर आणि फिक्या राहतात. खरपूस कड आवडणाऱ्यांचे त्याने समाधान होणार नाही. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर भाजायचे असेल, तर मात्र धातूऐवजी सिलिकॉनच घ्यावे. हा साचा लवचिक असल्याने मिश्रण ओतण्यापूर्वीच तो सपाट ट्रेवर ठेवावा लागतो.

ॲल्युमिनियमलाही मर्यादा आहेत. त्याला लोणी लावून पीठ भुरभुरावे लागते किंवा कागदी वाट्या घालाव्या लागतात. डिशवॉशरमध्ये तो काळवंडतो. आणि दही किंवा लिंबू घातलेले मिश्रण त्यात फार वेळ ठेवून देणे योग्य नाही. ॲनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने पृष्ठभागावर कठीण संरक्षक थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या) साच्यात आंबट मिश्रणाची ही अडचण उरत नाही, मात्र तो गडद रंगाचा असेल, तर तापमानाची वर सांगितलेली काळजी त्यालाही लागू होते.

खरेदी करताना पत्रा हाताने दाबून पाहावा. सहज वाकणारा साचा ओव्हनमध्येही वेडावाकडा होतो आणि मिश्रण एका बाजूला कलते. कडा गोल वळवलेल्या असतील, तर तो अधिक टिकतो. बारा वाट्यांचा ट्रे बहुतेक लहान ओटीजींत बसत नाही, म्हणून आतली लांबी-रुंदी मोजून, हवा खेळण्यासाठी चारही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर मोकळे राहतील असा सहा वाट्यांचाच घ्यावा.