शरदातले क्रोकस : चौदा महिने, पाच जाती आणि एकूण एकोणचाळीस काड्या

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तर दारात पाकीट पडलेलं. उघडलं आणि डोकंच फिरलं. आत क्रोकसचे (केशर ज्यात मोडतं त्या कुळातल्या छोट्या फुलझाडांचे) वीस कंद, आणि जवळपास प्रत्येकातून बोटभर लांब पांढराफटक धुमारा बाहेर आलेला, मटकीला मोड यावेत तसा. तिघांनी तर पाकिटातच फुलून, सुकून दाखवलं होतं. तारीख २८ ऑक्टोबर. शरदात फुलणारे क्रोकस ऑगस्टमध्ये, फार तर सप्टेंबरच्या सुरुवातीला हातात पडले पाहिजेत, हे कंद विकणाऱ्याला मी सांगायचं? पण यांचा सगळा माल ट्यूलिपच्या उशिराच्या गाडीत बसूनच निघतो. या पाकिटाचा राग आहे म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर गेल्या वर्षीपासून हे अर्धवटच पडलं होतं.

राहतो इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये, हॅलिफॅक्सजवळ. मागे टीचभर अंगण, त्यात हिरवळ आणि भिंतीलगत एक वाफा. गेल्या सप्टेंबरात पाच जाती घेतल्या: सटायव्हस (म्हणजे आपलं केशर) २५ कंद, १२ पौंड. स्पेसिओसस ५०, ९ पौंड. कोत्शियानस २०, ६ पौंड. न्यूडिफ्लोरस तीन आणि गुलिमाय पाच, हे दोन्ही महाग, आकडा घरात सांगितलेला नाही. वसंतात फुलणारे जांभळे-पिवळे क्रोकस इथे सगळ्यांकडे असतात, त्याबद्दल मी बोलत नाहीये.

आधी केशर, कारण खरा मोह त्याचाच होता. मला भुलवलं सॅफ्रन वॉल्डनने. एसेक्समधलं हे गाव एके काळी केशराच्या शेतीसाठी एवढं गाजलं की नावातच केशर आलं. म्हटलं इंग्लंडात होतंय तर माझ्याकडे का नाही? पण एसेक्स हा या देशाचा कोरडा कोपरा आणि आम्ही पेनाइनच्या डोंगरांखाली, बारमाही ओल्यात. माणमधली बाजरी पाहून महाबळेश्वरात बाजरी पेरावी, त्यातला प्रकार. साताऱ्याचा असून हे मला आधी सुचलं नाही.

कोजागिरीच्या दुधात घरचं केशर घालायचं असा बेत होता. कोजागिरी झाली, दूध आटलं, पिऊनही झालं, आणि आठवड्याने पहिलं फूल आलं. एकूण अकरा फुलं. एका फुलात तीन लाल काड्या, म्हणजे तेहतीस. बाकीचे क्रोकस ढग आले की मिटतात, हे एकदा उघडलं की मिटत नाही, त्यामुळे पावसाआधी चिमट्याने काड्या काढायला पहाटे टॉर्च घेऊन अंगणात. शेजारच्या बाईंनी पडद्याआडून पाहिलं, तेव्हा मी चपला आणि रेनकोटमध्ये वाफ्यावर ओणवा होतो.

हिशेब केला. एक ग्रॅम केशराला साधारण दीडशे फुलं लागतात. म्हणजे माझं उत्पादन ०.०७ ग्रॅम, आणि ग्रॅमचा भाव पडला दीडशे पौंडांच्या वर. काड्या होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत ठेवून आईला व्हिडिओवर दाखवल्या. ती म्हणाली, "अरे, एवढ्यात वाटीभर बासुंदीसुद्धा पिवळी व्हायची नाही. चिमूटभर पाठवू का मी?"

स्पेसिओससबद्दल गेल्या नोव्हेंबरात मी काय लिहून ठेवलं होतं ते तसंच देतो: "दिसायला पाचांत सर्वांत देखणं. निळसर जांभळा पेला, पाकळ्यांवर गडद शिरा, आत नारिंगी झिरमिळ्या. पण हे फूल उभं राहत नाही. सकाळी दहाला उमलतं, अकराला सर येते, बाराला जमिनीवर लोळतं. पन्नासांपैकी चव्वेचाळीस फुलली, त्यातली चाळीस चिखलात. ९ पौंड पाण्यात. कोणीही घेऊ नये."

ही तक्रार मी महिनाभर केली. पट्टी लावून उंची मोजली (१४ सेंटीमीटर), आइस्क्रीमच्या काड्यांचे टेकू दिले, एकाला दोरा बांधला. बायको म्हणाली, द्राक्षाची बाग झालीये. मग एक पडलेलं फूल कंदासकट खणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर उभं कापलं, तेव्हा प्रकार कळला. आपण ज्याला देठ म्हणतो तो देठ नाहीच. ती फुलाचीच नळी आहे, पांढरी, पोकळ, आत पाणी भरलेलं. बीजांडकोश खाली मातीत, कंदाशेजारी बसलेला असतो, बी धरलं तर त्याची बोंडी वसंतात वर येते. म्हणजे शीतपेयाच्या नळीवर पेला ठेवायचा आणि तो वाऱ्यात उभा राहील अशी आशा करायची. त्यात पानं येणार वसंतात, फुलाच्या वेळी शेजारी धरायला काही नाही. रचनाच अशी, तिथे विक्रेत्याला बोलून उपयोग नव्हता. तरी एक मेल मी केलीच होती.

त्याच पन्नासांत तीन वेगळी निघाली. घसा पिवळाजर्द, रंग फिका, आणि पुंकेसर पिवळे नाहीत, पांढरेशुभ्र. हे पुल्चेलस, स्पेसिओससचा जवळचा भाऊ, बाल्कन आणि वायव्य तुर्कस्तानातला. पाकिटात चुकून आलेला. ही तिन्ही जरा ठेंगणी होती आणि पावसात पडली नाहीत. या चुकीबद्दल मात्र मी मेल केली नाही.

आता या वर्षीचं.

मत बदललं ते न्यूडिफ्लोरसमुळे, आणि तेही माझ्या कुंडीतल्या नव्हे. सप्टेंबरच्या शेवटी रविवारी फिरायला गेलो होतो, घरापासून तीन मैलांवर ओढ्याच्या वरच्या अंगाला एक तिरकी कुरणपट्टी आहे. गुडघ्याखालच्या ओल्या गवतात जांभळे ठिपके. जवळ गेलो तर शे-दीडशे क्रोकस, पानाशिवाय, सरळ उभे! आदल्या रात्री धो-धो पाऊस झालेला, तरी एकही आडवं नाही. ही जात मूळची नैर्ऋत्य फ्रान्स आणि उत्तर स्पेनची, पण हॅलिफॅक्सच्या आसपास शेकडो वर्षं रानात रुळलेली आहे. सेंट जॉनच्या सरदारांनी (धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती संघाच्या योद्ध्यांनी) मध्ययुगात आणली असं इथे सांगतात. बाकीच्यांना उन्हाळ्यात कोरडं लागतं, हिला उन्हाळ्यातही ओल चालते, उलट हवीच. आणि जमिनीखालून दूर्वेसारखे बारीक धुमारे सोडत पसरते. एक उपटून आणायचा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. पण मालकाच्या परवानगीशिवाय रानातली झाडं मुळासकट काढणं इथल्या १९८१ च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि बायको सोबत होती.

तिथे उकिडवा बसून बघितलं तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक नळीला चारी बाजूंनी गवताच्या पात्यांचा आधार आहे. गर्दीच्या लोकलमध्ये माणूस पडत नाही, तसं. आणि मी माझे स्पेसिओसस खुरपून, तण काढून, स्वच्छ काळ्या मातीत लावलेले!

योगायोग असा की गेल्या वर्षी रागाच्या भरात त्यातले वीसेक कंद मी हिरवळीच्या कडेला कसेही खोचले होते, वाफ्यातली जागा वाया नको म्हणून. या वर्षी यंत्र बिघडल्यामुळे ऑगस्टच्या मध्यापासून गवत कापलं गेलं नाही. ऑक्टोबरात त्या गवतातून एकोणतीस फुलं आली आणि एकोणतीसच्या एकोणतीस उभी राहिली. वाफ्यातली लोळलीच. तेव्हा वरचं 'कोणीही घेऊ नये' मागे घेतो. घ्या, पण गवतात लावा. वसंतात पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण जूनपर्यंत, तिथे यंत्र फिरवू नका. इथल्या लोकांना अंगण तसं ठेवायला लाज वाटते, आपल्याला नाही.

केशराचं उलटं झालं. पावसाळी उन्हाळा, आणि कंद तर घेतानाच लहान. कंदाची मापं घेरावर असतात, सेंटीमीटरमध्ये. मी घेतले ७/८, स्वस्त म्हणून. फुलं हवीत तर १० च्या वरचे घ्यावे लागतात. जुलैत एक उकरून पाहिला. जुना कंद खाली चपटा होऊन सुकलेला आणि त्याच्या डोक्यावर तंतूंच्या जाळीत गुंडाळलेले पाच नवे, वाटाण्याएवढे. क्रोकसचा कंद दर वर्षी नवा होतो, जुना मरतो. म्हणजे पंचवीसचे सव्वाशे झाले आणि त्यातला जवळजवळ एकही फुलायच्या लायकीचा नाही. या हंगामात दोन फुलं, सहा काड्या. बी धरून निभावेल म्हणावं तर तेही नाही, केशराला बीच होत नाही. ते तीन गुणसूत्र-संचांचं वांझ झाड, ग्रीसच्या अ‍ॅटिका भागातल्या कार्टराइटियानस या रानटी क्रोकसपासून झालेलं, आणि तेव्हापासून माणसाच्या हातानेच कंद-कंद करत पसरलेलं. केशर पिकवणाऱ्या काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतकऱ्याला माझा नमस्कार.

गुलिमायबद्दल थोडक्यात. ग्रीसच्या दक्षिण टोकाची, १९५५ मध्ये शास्त्रात नोंद झालेली जात. उन्हाळ्यात शेकून निघायला हवं, म्हणून कुंडीत, स्वयंपाकघराच्या खिडकीत, जून ते ऑगस्ट थेंबभर पाणी नाही. पाचाची आठ फुलं झाली, पानांसकट आली, आणि दुपारी ऊन आलं की खिडकीत मधाचा मंद वास. तक्रार शून्य, म्हणून लिहायलाही काही नाही.

एक सावधगिरी मात्र नीट वाचा. आमच्या ओळखीतल्या एक काकू इथल्या एका दुकानातून 'ऑटम क्रोकस' अशी पाटी लावलेला बटाट्याएवढा कंद घेऊन आल्या. मातीशिवाय शेल्फवरच फुलला होता. फोटो पाठवून विचारत होत्या, यातलं केशर दुधात कधी घालू? मी जेवण टाकून फोन केला, "काकू, आधी हात धुवा." तो क्रोकस नव्हे, कोल्चिकम. जहाल विषारी, आपल्या कळलावीत असतं तेच कोल्चिसिन त्यात. ओळख सोपी आहे: क्रोकसला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. दुकानाने पाटी अजून बदललेली नाही.

राहिलं कोत्शियानस, ज्याचं हे पाकीट. गेल्या वर्षी वीसांतून एकही फूल नाही. वसंतात पानं मात्र भरघोस, आणि जूनमध्ये उकरलं तर चपट्या, वेड्यावाकड्या कंदांची नुसती रास. या जातीचा बाजारातला बराच माल असाच, वाढतो भरपूर आणि फुलत नाही, हे मला नंतर कळलं. विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की फूल न आल्याचा फोटो पाठवा. मी मातीचा फोटो पाठवला. मग म्हणाले, दुसरा हंगाम बघा. सप्टेंबर गेला, पुन्हा शून्य. तिसऱ्या मेलनंतर बदली माल कबूल झाला, तो हा.

काल रात्री राग उतरल्यावर त्यातलं एक सुकलेलं फूल पाण्यात भिजवून उलगडलं. पाकळ्या ओल्या टिश्यूसारख्या, पण घशाशी प्रत्येक पाकळीवर पिवळे ठिपके अजून स्पष्ट दिसत होते. हीच तिची खूण. म्हणजे या खेपेला माल अस्सल होता, फुलणारा होता आणि फुललाही. फक्त टपालाच्या पोत्यात.

वीसच्या वीस आज सकाळी हिरवळीत लावले, वर कोंबडीच्या खुराड्याची जाळी टाकली खारींसाठी. दुपारी मेल आली, 'तुमची खरेदी कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.' अजून दिलेले नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात देईन.