कीबोर्ड बदलल्याचे ३,८०० रुपये घेतले, कीबोर्ड मात्र जुनाच

लॅपटॉपवर @ दाबलं की " उमटतंय, अशी तक्रार घेऊन दुकानात निघाला असाल तर आधी हे वाचा.

नाशिकला माझ्या सासऱ्यांच्या लॅपटॉपला हाच त्रास सुरू झाला. @ आणि " यांची अदलाबदल, # च्या जागी £. पासवर्डमध्येच @ असल्याने त्यांचं ईमेल उघडेना. दुकानदाराने जरा पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, आत ओल गेलीय. कीबोर्ड बदला, नाहीतर मदरबोर्ड जाईल." मदरबोर्ड म्हणजे लॅपटॉपचा मुख्य सर्किट बोर्ड, त्याचं नाव काढल्यावर कोण नाही म्हणणार? बाबांनी ३,८०० रुपये रोख दिले. बिल मिळालं नाही, ‘कीबोर्ड + सर्व्हिस’ लिहिलेली चिठ्ठी मिळाली.

बाबा मराठी इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड मांडणीत टाइप करतात, त्यासाठी बटणांवर देवनागरी स्टिकर लावलेत. ‘नव्या’ कीबोर्डवर तेच स्टिकर होते, ‘क’चा उडालेला कोपरासुद्धा तसाच. मला संताप आला तो तिथे.

बिघाड कीबोर्डात नव्हताच. बटण दाबल्यावर संगणकाला फक्त बटणाचा क्रमांक कळतो. त्याचं चिन्ह कुठलं, हे विंडोजमधला लेआउट, म्हणजे बटणांची मांडणी, ठरवतो. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुधा अमेरिकन मांडणी छापलेली असते. ब्रिटिश लेआउट लागला की शिफ्ट आणि २ दाबल्यावर " येतं, शिफ्ट आणि ३ ला £. बाबा मराठी-इंग्रजी बदलायला विंडोज आणि स्पेस ही बटणं एकत्र दाबतात. तेव्हा लेआउटची जी यादी येते, तिच्यात ‘युनायटेड किंगडम’ कसं तरी शिरलं होतं, इतकंच. मी माझ्या लॅपटॉपवर मुद्दाम तो लेआउट लावून पाहिला, तंतोतंत तीच चिन्हं उमटली. दुकानदाराने सेटिंगमधून तो काढून टाकला असणार. फुकटचं काम.

तेव्हा घरीच तपासा. खाली उजवीकडे घड्याळाजवळ ‘ईएनजी’ (ENG) दिसतं, त्यावर क्लिक केलं की लेआउटची यादी उघडते. लॉगिनच्या स्क्रीनवरही ती असते, पासवर्ड चुकत असेल तर तिथेही बघा. कुणाचा तरी यूएसबी कीबोर्ड लावून पाहा. त्यावरही तीच चुकीची चिन्हं आली तर लॅपटॉपच्या बटणांना दोष नाही. ओल गेली तर बटणं बंद पडतात, अडकतात, एकच अक्षर सारखं उमटत राहतं. ती नेमकी @ आणि " ची अदलाबदल करत बसत नाही. काही लॅपटॉपवर यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ येतात, तो नम लॉक या आकड्यांसाठीच्या बटणाचा परिणाम.

खरंच भाग बदलायचा असेल तर देण्याआधी फोटो काढा, जुना भाग परत मागा, जीएसटीचं बिल घ्या. ज्येष्ठांना एकट्याने पाठवू नका.

आम्ही चिठ्ठी आणि स्टिकरचे फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली. त्यानंतर दुकानदार निम्मे पैसे द्यायला तयार झाला. आम्ही नाही म्हटलं. पूर्ण रक्कम हवी, आणि भाग न बदलता पैसे घेतल्याचं लेखी हवं.