वस्तऱ्यासाठी कोल्हापुरी चामड्याचा पट्टा

जुने वस्तरे जमवणाऱ्या माणसाला दाढीपुरता एक वस्तरा पुरेसा आहे, हे तत्त्वतः मान्य असते. तरीही इंग्लंडमधल्या शेफील्डचा जाड पाचरीसारखा एक हाती आला की जर्मनीतल्या झोलिंगेनचा, दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेल्या पात्याचा दुसरा हवासा वाटतो, आणि मग ते सगळे परजायला चामडी पट्टा लागतो. माझा पट्टा मी कोल्हापूरच्या सुभाषनगरातील एका चप्पल कारागिराकडून करवून घेतला. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेसाठी चामडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात, आणि तेच पट्ट्यालाही मानवते.

पट्टा तीन इंच रुंद असल्याने पाते तिरके न धरता सरळ ओढता येते. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पाते न्यायचे, टोकाशी पाठीवरच उलटवायचे (धारेवर उलटवले तर पट्टा कापलाच म्हणून समजा) आणि परत आणायचे. या फेऱ्यांत चामड्याने पात्याला जी किंचित ओढ द्यायला हवी, ती इथे अगदी नेमकी मिळते.

पट्टा अडकवायच्या कडीजवळची शिवण मात्र जाड असून तिथे पाते अडखळते, त्यामुळे वरची दोन बोटे जागा वाया जाते. बोथट झालेल्या वस्तऱ्यासाठी दगडच लागतो; तशी अपेक्षा पट्ट्याकडून ठेवू नये. करवून घेणाऱ्यांनी शिवण सपाट ठोकून घ्यावी आणि तेल अगदी बेताने लावायला सांगावे.