काट्याच्या विंडोज ७ वर पॉवरशेल ५.१: जिनिंगवाल्यांनी टाकावं का?

टाकावं. पॉवरशेल म्हणजे लिहून ठेवलेल्या हुकुमांवरून (स्क्रिप्टवरून) कामं आपोआप करणारं विंडोजचं साधन. वजनकाट्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून वणी-हिंगणघाटकडच्या ज्या जिनिंगवर अजून विंडोज ७ आहे, तिथे तर नक्कीच. विंडोज ७ सोबत येणारं पॉवरशेल २.० आता फार तोकडं पडतं. ५.१ मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये दिलं, फुकट आहे.

काटापावत्यांचा बॅकअप सहसा जुन्या बॅच फाइलवर (.bat हुकूमफाइलवर) असतो. ती तारीख संगणकाच्या सेटिंगमधून उचलते. कुणी सेटिंग बदललं आणि तारखेत तिरपी रेघ आली, की त्या नावाचा फोल्डरच बनत नाही. बॅकअप बंद पडल्याचं कळतं ते हिशेबाच्या वेळी! पॉवरशेलच्या गेट-डेट (तारीख देणाऱ्या) हुकुमाला तारखेचा साचा ठरवून दिला की हे दुखणं संपतं. ते २.० मध्येही जमतं, पण झिप करणारा कॉम्प्रेस-आर्काइव्ह हुकूम ५.० पासूनच आहे. वेगळं काही न टाकता झिप तयार. फक्त एकेक फाइल २ जीबीच्या आत हवी.

बसवताना क्रम चुकवू नका. आधी विंडोज ७ चं सर्व्हिस पॅक १, मग डॉट नेट (पॉवरशेलला लागणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) ४.५.२ किंवा पुढचं, आणि पूर्वी पॉवरशेल ३.० टाकलेलं असेल तर ते काढून मगच केबी ३१९१५६६, म्हणजे ५.१ चं अपडेट. ३२ आणि ६४ बिटची फाइल वेगळी. नेट नसलेल्या संगणकावर डॉट नेट ४.८ प्रमाणपत्रावरून अडून बसतं. मायक्रोसॉफ्टचं २०११ चं रूट सर्टिफिकेट पेनड्राइव्हवरून आधी टाकलं की पुढे सरकतं. शेवटी रीस्टार्ट लागतो, त्यामुळे गाड्यांची रांग असताना हे काम काढू नका, आणि यूपीएसची बॅटरी तपासून घ्या. स्क्रिप्ट चालवायला मनाई दाखवली तर एक्झिक्युशन पॉलिसी (स्क्रिप्ट चालवण्याच्या परवानगीचं सेटिंग) रिमोटसाइन्ड करा.

सगळ्यात जास्त घोळ मराठीचा होतो. स्क्रिप्टमध्ये गावाचं किंवा शेतकऱ्याचं नाव असेल, तर फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) मध्येच, आणि बॉमसह (फाइलच्या सुरुवातीला पद्धत सांगणारी खूण) सेव्ह करा, नाहीतर ५.१ ती जुन्या एन्सी पद्धतीने वाचतं आणि अक्षरांचा चिवडा होतो. विंडोज ७ चं नोटपॅड यूटीएफ-८ निवडल्यावर बॉम आपणच लावतं. हुकूम चालतात त्या खिडकीत चौकोन दिसले तर घाबरू नका, फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. बाणाच्या खुणेने (>) लिहिलेली फाइल मात्र यूटीएफ-१६ होते आणि जुनं सॉफ्टवेअर ती वाचेलच असं नाही. तिथे बाणाऐवजी आउट-फाइल हुकूम वापरून त्याला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) सांगा.

मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल गॅलरीतून (इथे तयार हुकुमांचे संच, म्हणजे मॉड्यूल मिळतात) मॉड्यूल उतरत नसेल तर स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टीएलएस १.२ (नेटवरचं सुरक्षित जोडणीचं तंत्र) चालू करा. एप्रिल २०२० पासून गॅलरी त्याखालचं काही घेत नाही.

विंडोज ७ चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, ते ५.१ ने परत येत नाहीत. काम झालं की काट्याच्या संगणकाची नेटची वायर काढून ठेवा.