आमच्या गल्लीची गिरण: पाचपैकी चार तारे

हॉटेलाला, साडीच्या दुकानाला, अगदी एटीएमलाही लोक मोबाईलवर तारे देतात. गिरणीला दिलेले मी अजून कुठं पाहिले नाहीत. आमच्या घराचा हॉटेलशी संबंध सणासुदीपुरता, गिरणीशी दर आठवड्याचा. तेव्हा हा रिव्ह्यू गिरणीचा.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे मागावर कामाला. मजुरी पिकावर, म्हणजे कापडात आडवे धागे किती पडले त्यावर, पगार आठवड्याला. कापडाला उठाव नसला की माग बंद राहतात आणि त्या आठवड्याचा पगार निम्म्यावर येतो. मी घरी फॉल-पिको करते, ब्लाऊज शिवते. सासूबाई धरून पाच माणसं. किराणा, भाजी, दूध हे सगळं आठवड्याला दोन हजारांच्या आत बसलं पाहिजे. त्यातच सासूबाईंची साखर सांभाळायची, नववीतल्या पोरीचं रक्त कमी निघालंय ते बघायचं, आणि धाकटा ताटावरून अर्धपोटी उठता कामा नये. आठवड्यात काय शिजणार हे मी गॅसपुढं उभी राहून ठरवत नाही. कुठले डबे भरून गिरणीत न्यायचे, तिथंच ते ठरतं.

गिरण म्हणजे पत्र्याची एक खोली. दोन चक्क्या आहेत. डावीकडची फक्त गव्हाची, उजवीकडची शाळू (रब्बीची ज्वारी), बाजरी, नाचणी आणि डाळींची. मागं कोपऱ्यात चटणी कुटायचा डंक, तो उन्हाळ्यातच धडधडतो. चालवणारे मामा साठीचे, भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे. दर दारावर खडूनं लिहिलेला: गहू-शाळू किलोला ६ रुपये, नाचणी ८, डाळी आणि भाजणी १०. काटा गिऱ्हाईकाकडं तोंड करून ठेवलाय.

मी या गिरणीला चिकटून आहे ती दगडामुळं. चक्कीचा दगड झिजला की दाणा कापला जात नाही, नुसता रगडला जातो. पीठ तापतं आणि भाकरीला चव राहत नाही. म्हणून अधूनमधून दगड उतरवून टाकी मारावी लागते, छिन्नीनं नव्यानं खाचा पाडाव्या लागतात. टाकी मारल्यावरच्या पहिल्या दळपात दगडाची खर उतरते आणि घास दाताखाली कचकचतो. ते दळप ज्याच्या डब्यात पडेल त्याचं नशीब. मामा आधी थोडी कणी चालवतात आणि ते पीठ खळ करायला काढून ठेवतात, पोस्टर डकवणारी पोरं घेऊन जातात. एकदा मी शाळूचा डबा ठेवायला गेले तर म्हणाले, “वैनी, सकाळीच टाकी मारलीया. आज शाळू नगं, उद्या घाला.” दारात आलेलं दळप परत पाठवलं माणसानं.

दळताना ते पीठ पडतं तिथं हात धरतात, अंगठा आणि बोटात चिमूट चोळतात, मग चाक जरासं आवळतात नाहीतर सैल सोडतात. भाकरीला बारीक, भाजणीला जरा जाडसर, लाडवाच्या बेसनाला रवाळ. सांगावं लागत नाही, पण सांगितलेलं ऐकूनही घेतात. मी आधी जिथं जायचे तिथं सगळं एकाच मापानं मैद्यासारखं उडवायचे. वर गरम पीठ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्यायचे, त्याला आतून घाम सुटायचा आणि पंधरवड्यात जाळी धरायची.

आणखी एक, मामा किलोभरही दळप घेतात. ही बारीक गोष्ट वाटेल, पण माझं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. शाळूच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, आठ-दहा दिवसांत जाते. मग थापताना भाकरी कडेनं फाटते आणि आधणाचं पाणी घालून मळत बसावं लागतं. बाजरीचं पीठ त्याच्याही आधी कडवट होतं, कारण बाजरीत तेल जास्त. उन्हाळ्यात तर मी ते चार दिवसांच्या वर ठेवत नाही. जिथं पाच किलोच्या खाली हात लावत नाहीत, तिथं गरिबानं ताजं पीठ खायचं कसं?

आता पैशाचं सांगते, कारण “घरी दळलं की स्वस्त पडतं” हे अर्धंच खरं आहे. गव्हात फारसं वाचत नाही. ३६ रुपयांनी गहू आणि ६ रुपये दळणावळ म्हणजे ४२. पाकिटातला आटा सवलतीच्या योजनेत सापडला तर ४५-४८ ला पडतो. शिवाय निवडायचे कष्ट आणि थोडी घट. नुसत्या चपात्यांसाठी गिरणीत जाणाऱ्यानं बचतीच्या फार गप्पा मारू नयेत. खरा फरक पडतो नाचणीत आणि बेसनात. अख्खी नाचणी मला ४५ ला मिळते, दळून ५३. तीच पाकिटात अर्ध्या किलोला ५५-६०. बेसनाचं तर विचारूच नका. हरभराडाळ घेऊन डोळ्यांदेखत दळून आणली की त्यात वाटाण्याची डाळ किती असा संशय राहत नाही आणि किलोमागं पंधरा-वीस रुपयेही सुटतात.

मासिकात आणि टीव्हीवर सांगतात, वर्षाचं धान्य हंगामात भरून ठेवा. मार्चात शाळू स्वस्त असतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एकरकमी पाच-सात हजार कुठनं काढायचे? आम्हा शिवणाऱ्या बायकांची भिशी आहे. मी माझा नंबर मार्चात मागून घेते आणि शेजारणीबरोबर एक पोतं निम्मं-निम्मं करते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, भावही तसाच आहे. आम्ही जतकडचा शाळू घेतो, भाकरी तीही पांढरीशुभ्र होते. उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवायचा, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून डब्यात भरायचा. दिवाळीपर्यंत पुरतो, पुढं सुट्टा घ्यायचा.

या गिरणीची खरी परीक्षा भाजणीत झाली. माझं माप असं: शाळू एक किलो, बाजरी अर्धा, रेशनचा तांदूळ पाव, गहू पाव, हरभराडाळ पाव, सालीची उडीदडाळ पाव, हुलगे (कुळीथ) पाव, एक वाटी धने, दोन चमचे जिरे. धान्य दोन किलो, डाळी-कडधान्य पाऊण किलो. नुसत्या धान्यातलं प्रथिन अपुरं असतं, त्यात लायसिन नावाचा प्रथिनाचा एक घटक कमी पडतो. तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जे उणं तेवढं धान्यातून येतं. आमच्या आजीला हे शब्द माहीत नव्हते, माप मात्र जवळपास हेच होतं. सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर. हुलग्याचा वास सुटेपर्यंत थांबायचं, बाजरी फुटायला लागली की उतरायची. गार झाल्यावरच गिरणीत न्यायचं. कोमट भाजणी दगडाला चिकटते आणि मामांच्या तोंडाचा पट्टा सुटतो.

हे पावणेतीन किलो पीठ दळणावळीसकट किलोला सत्तरच्या आत पडतं. कांदा, कोथिंबीर, असेल तर मेथी नाहीतर दुधी किसून घातला की रात्रीची थालीपिठं होतात. सोबत ताक. तेल मात्र हात राखून. भोकात चार थेंब सोडायचे आणि वर झाकण ठेवायचं. तव्यात तेलाचं तळं करून “भाजणी पौष्टिक असते” म्हणण्यात अर्थ नाही. आठवड्यातल्या दोन रात्री यात निभतात आणि भाजीची पिशवी हलकी राहते.

रेशनचा तांदूळ म्हटलं की आमच्या गल्लीत नाकं मुरडतात. आमचं प्राधान्य कुटुंबाचं कार्ड, माणशी ५ किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. तांदूळ धुताना काही दाणे वर तरंगतात, रंगानं जरा वेगळे. त्यांना प्लॅस्टिकचा तांदूळ म्हणून वेचून फेकणाऱ्या बायका मी रोज बघते. ते पोषक दाणे आहेत. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्या आकाराचे बनवतात आणि किलोत दहा ग्रॅमच्या प्रमाणात घालतात. रक्त कमी असलेल्या पोरीच्या घरात तेच दाणे वेचून टाकायचे म्हणजे कमाल झाली. मी ते भाजणीतही जाऊ देते. भाजताना जीवनसत्त्वं थोडीफार जात असतील, लोह कुठं जात नाही. पोरीला शाळेतून आठवड्याची निळी गोळी मिळते, डॉक्टरांच्या गोळ्याही आहेत. त्या चालूच. पिठानं गोळ्या सुटतात असं मी म्हणणार नाही.

हुलग्यासाठी मामांना वेगळे मार्क. हुलगे भाजून न्यायचे. ते आधी भरड काढून देतात, मी तिथंच दारात सुपानं टरफलं पाखडते, मग दुसऱ्यांदा बारीक. दोनदा चक्की फिरते, पैसे एकदाचेच. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिन, म्हणजे तूरडाळीच्या तोडीचं, आणि भाव तुरीपेक्षा बराच कमी. थंडीत त्याची शेंगोळी करायची, लसूण-मिरचीच्या रश्श्यात उकळलेली. वर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नाही, हा नियम सासूबाईंना अजून पटलेला नाही. पाऊस लागला की हुलग्याच्याच पिठाचं, गूळ-सुंठ घालून पातळ माडगं. धाकटा दोन वाट्या पितो, तो गुळासाठी पितो हे मला माहीत आहे.

नाचणी आजरा-चंदगडकडची येते. तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हात त्याच्या दशांशाएवढंच. दूध अर्ध्या लिटरवर आल्यापासून सकाळची आंबील पक्की केली. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून हलकी भाजायची. मोड आणल्यावर तिच्यातलं पोषण जास्त अंगी लागतं आणि आंबीलही गुठळी न होता पातळ राहते. मोडाची नाचणी दळायला हलकी, पण उडते फार. मामा तेव्हा पिठाच्या तोंडाला ओलं फडकं बांधतात.

सासूबाईंसाठी भाकरी शाळूची असते, कधी बाजरी. “ज्वारी खा, साखर जाईल” असं सांगणारे नातेवाईक ढीगभर. साखर जात नाही. चपातीपेक्षा भाकरीवर पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, एवढा अनुभव आहे, पण भाकरी मोजूनच. दीडच्या वर नाही.

एक तारा कापलाय तो फुकट कापलेला नाही. उजवीकडच्या चक्कीवर नाचणीनंतर लगेच माझा शाळू घातला की पहिल्या मूठभर पिठाला लालसर झाक येते. आम्हाला चालतं. पण ज्यांच्या घरात गव्हाचा त्रास असलेलं माणूस आहे, त्यांनी या गिरणीवर विसंबू नये. दुसरी चक्की वेगळी आहे खरी, पण खोली एकच आणि हवेत पीठच पीठ. उपवासाची भगर-राजगिरा मात्र आषाढी आणि नवरात्राच्या आधी चक्की झाडून वेगळी काढतात. खोकला असलेल्यांनी बाहेर थांबावं, आत पंखाही नाही. घट किलोमागं वीस-तीस ग्रॅम धरून चाला. त्याहून जास्त वाटली तर परत काट्यावर ठेवायला सांगा. मामा रागावतात, पण ठेवतात. लाईट गेली की सगळं ठप्प, आणि ती कधी येणार हे त्यांना विचारू नये.

एप्रिल-मेमध्ये डंक सुरू झाला की दळपाला उशीर होतो. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या घेऊन आलेल्या बायकांची रांग लागते, वर्षाची चटणी कुटायची असते आणि आख्ख्या खोलीत ठसका. तेव्हा सकाळी आठच्या आत जाऊन पीठ आणायचं. नाहीतर पिठाला तिखट वास लागतो आणि आंबील पोरं तोंडात घेत नाहीत.

जाणार असाल तर पत्र्याचा डबा न्या, पिशवी नको. झाकणावर नाव आणि आत काय आहे ते लिहा, कारण डबे सगळ्यांचे सारखेच. अमावस्येला बंद. सुटे पैसे न्या. मोबाईलवरनं पैसे घ्यायचा कोड लावलाय, पण त्याच्यावर पिठाचा असा थर असतो की आधी पदरानं पुसावा लागतो.