क्षारयुक्त किरणोत्सारी पाणी : इव्हॅपोरेटर की रेझिन?

अणुवीज केंद्रातील द्रवरूप कचऱ्यासाठी इव्हॅपोरेटर (पाण्याची वाफ करून किरणोत्सारी गाळ मागे ठेवणारे यंत्र) बसवावा की रेझिनच्या (पाण्यात विरघळलेले क्षार व किरणोत्सारी द्रव्ये धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) टाक्यांवर काम भागवावे, हा प्रश्न एका केंद्रात आमच्यासमोर आला, तेव्हा आम्ही आधी रेझिनकडे वळलो होतो. उकळत्या पाण्याची वाफ करायलाच घनमीटरमागे सुमारे ६२५ युनिट उष्णता लागते. रेझिनमधून तेच पाणी नुसत्या पंपाच्या जोरावर निघून जाते.

वापरलेले इंधन ठेवण्याच्या तलावातील स्वच्छ पाण्यासाठी मी आजही रेझिनच सुचवीन. फरशा आणि यंत्रभाग धुतलेल्या पाण्याची गोष्ट मात्र निराळी. त्यातले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य वजनाने नगण्य असते, आणि रेझिनमधल्या जागा त्याच्याऐवजी सोडियम व कॅल्शियमच अडवून बसतात. त्यामुळे आमच्या टाक्या ठरल्यापेक्षा फार लवकर संपत.

तेही सोसले असते, पण संपलेल्या रेझिनचे करायचे काय, याने माझे मत बदलले. ते सिमेंटमध्ये घट्ट बसवून पुरता येईल का, हे पाहायला किरणोत्सार नसलेले रेझिन सिमेंटमध्ये मिसळून आम्ही एक ठोकळा पाण्यात भिजत ठेवला होता. रेझिन फुगले, आधी कडेला केसाएवढी चीर दिसली आणि काही दिवसांनी बोटाने दाबताच पिवळसर मण्यांसकट कोपरा हातात आला. सीझियमचे अर्धायुष्य ३० वर्षांचे. असा ठोकळा पुरून निर्धास्त राहणे मला जमले नसते.

इव्हॅपोरेटरमागे उरणारा दाट द्राव सिमेंटशी बराच समजुतीने वागतो, आणि यंत्र नीट चालले तर वर जाणाऱ्या वाफेतील किरणोत्सार दहा हजारपटीपर्यंत घटतो. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, दोन्ही पद्धतींत पाण्याबरोबरच निघून जाते, आयोडीन रोखण्यासाठी द्राव अल्कधर्मी ठेवावा लागतो, आणि नळ्यांवर क्षारांची खपली धरते. सर्वांत जपायचे ते लॉन्ड्रीच्या साबणाला : काचेच्या झरोक्यात फेस चढताना दिसला की थेंब वाफेबरोबर निसटतात आणि साऱ्या शुद्धीकरणावर पाणी पडते, म्हणून लॉन्ड्रीचे पाणी वेगळ्याच टाकीत घ्यावे.

राजस्थानातील रावतभाट्याच्या केंद्रात सौम्य कचऱ्याचे पाणी आटवायला उन्हाचाही उपयोग केला जातो. तारापूरसारख्या दमट किनाऱ्यावर त्याचा भरवसा धरता येणार नाही.

प्रत्येक केंद्राचे पाणी वेगळे असते, त्यामुळे माझा अनुभव सर्वत्र लागू पडेलच असे नाही. तरीही एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे एक ग्रॅमच्या पुढे असतील, तर वाफेचा खर्च मान्य करून मी इव्हॅपोरेटरच घेईन.