तळलेल्या माशासोबत तोयोमान्सी की तिखट व्हिनेगर?

फिलिपिनो पद्धतीने मासा तळलाय, आता बुडवून खायला काय करू, असं एका मैत्रिणीने विचारलं. फिलिपिन्समध्ये घरोघरी दोन्ही असतं: सोया सॉसमध्ये कालामान्सी (तिथलं छोटं आंबट लिंबू) पिळलेली तोयोमान्सी, आणि लसूण, कांदा, मिरची घातलेलं व्हिनेगर.

मेहनत दोन्हीत नावापुरतीच. टिकण्यात व्हिनेगर कितीतरी पुढे. बाटलीत ते मुरतं, ठेचलेल्या लसणीचा उग्रपणा मवाळ होतो आणि मिरचीचा तिखटपणा हळूहळू त्यात उतरत जातो. तोयोमान्सी मात्र जेवायला बसताना करावी. रसाचा ताजा वास लवकर जातो.

सामानाचं म्हणाल तर कालामान्सी आपल्याकडे सहसा मिळत नाही. कागदी लिंबात चमचाभर संत्र्याचा रस घाला, चव बरीच जवळ जाते. व्हिनेगर गोव्याचं, माडीपासून केलेलं, मिळालं तर तेच घ्या. फिलिपिन्समध्येही माडीचं व्हिनेगर करतात.

बांगुससारखा तेलकट मासा किंवा कडक तळलेलं गालुंगगोंग (तिथला छोटा समुद्री मासा) असेल तर व्हिनेगरच. तेलकटपणा तेच कापतं. तिलापियासारखा सौम्य मासा, गरम भात आणि तिखट न खाणारी मुलं असतील तर तोयोमान्सी करा, पण सोया सॉस खारट असतो, म्हणून माशाला मीठ कमी लावा.